हे बकल कुणाच्या हातचं?

बकल पालथं करा. पुढची बाजू सगळेच बघतात. दाट वेल, वेलीत गुरफटलेलं हरीण, त्याच्या मागावर सुटलेला शिकारी कुत्रा. एखाद्या मडमेच्या कमरपट्ट्यासाठी घडवलेलं हे चांदीचं बकल दोन तुकड्यांचं आहे, मधे आकडा. मागे मात्र ठोक्यांचे खोलगे दिसतात, एका कोपऱ्यात काळी पडलेली राळ चिकटून राहिलेली असते, आणि आकड्याजवळ रोमन लिपीत दोन बारीक अक्षरं उमटलेली असतात: ओ. एम.

या अक्षरांचा उलगडा जाणकारांनी केव्हाच केला आहे. ओ. एम. म्हणजे उमरशी मावजी, कच्छातल्या भुजचे, तिथल्या रावांचे दरबारी सोनी, म्हणजे सोनार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हिंदुस्थानी चांदीकाम गोळा करणाऱ्यांत या नावाचा दबदबा मोठा आहे. त्यांच्या कारखान्यातली नमुन्यांची रेखाटनंसुद्धा आजवर टिकली आहेत. त्यामुळे शोध संपला असं वाटतं. पण नाव कळलं म्हणून हात कळला का? दुकान एकाचं असतं आणि ऐरणीपाशी बसणारे दहा असतात. हे हरीण नेमकं कुणी उठवलं?

इंग्लंडात घडलेला डाग असता तर शिक्क्यांनीच बरंच काही सांगितलं असतं. सिंहाचा छाप म्हणजे चांदी चोख, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, पुढचं अक्षर म्हणजे साल. भुजमध्ये असं तपासून शिक्का मारणारं कचेरीसारखं काही नव्हतंच. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क आला २००० साली आणि चांदीला २००५ साली. कच्छी चांदीकामातल्या असंख्य वस्तूंवर तर कसलीच खूण नाही. आणि ओ. एम. ला भाव आल्यावर ही दोन अक्षरं नंतर ठोकलेले बनावट डागही बाजारात आले.

तेव्हा कागद बाजूला ठेवा आणि चला. बकल खिशात असू द्या, पण एक पथ्य पाळा. ते तिकडे कुणाला दाखवायचं नाही. आपण जिथे चाललोय तिथे ते अजून घडायचं आहे.

साल १८८५ च्या आसपासचं. चैत्राचं ऊन. मुंबईत रेंगाळू नका. इथे कच्छी चांदी विकणारे भेटतील आणि आपल्याला हवा आहे घडवणारा. आगबोटीच्या डेकवर पथारी टाका. कोळशाची पूड तासाभरात दातांखाली कचकचायला लागते. शेजारी कच्छी व्यापारी मांडी घालून पुटपुटत हिशेब करतोय, त्याच्या बायकोने लोणच्याची बरणी मांडीत धरलीय, आणि कुणाची तरी पत्र्याची ट्रंक दर लाटेला तुमच्या घोट्यावर येऊन आदळते. पाय आखडून घ्या. हीच तुमची जागा आहे, दुसरी मिळणार नाही.

मांडवीला बोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर, खोल पाण्यात थांबते आणि मछवे तिला येऊन भिडतात. खाली बघू नका. खलाशी दंडाला धरून खेचतो, त्या क्षणी उडी मारायची. किनाऱ्यावर पाय टेकतो तेव्हा जमीन हलत राहते आणि नाकात एकदम तीन वास शिरतात: माशाच्या तेलाचा उग्र दर्प, ताज्या तासलेल्या सागाचा गोडसर वास आणि गोण्यांत उबून आलेल्या खजुराचा. रुक्मावतीच्या मुखाशी लाकडी गलबतांचे सांगाडे उभे आहेत, त्यांच्या फासळ्यांवर सुतार चढलेत, हातोडे चाललेत. हे तेल त्या लाकडालाच चोपडतात. भूक लागली असेल तर बाजरीचा रोटला, गूळ, कांदा आणि ताक मिळेल. दाबेली मागू नका. ती याच गावात जन्माला येणार आहे, पण विसाव्या शतकाचा अर्धा पल्ला ओलांडल्यावर.

भुज इथून साठेक किलोमीटर. रेल्वे नाही. दिवसा ऊन डोकं फोडतं म्हणून गाडीवान संध्याकाळी बैल जुंपतो. बैलगाडीत झोप येते ती तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येक खड्ड्याला मोडणारी. आजच्या कच्छात रस्त्यालगत जिकडेतिकडे माजलेला गांडा बावळ तुम्हाला दिसणार नाही. ते झाड इथे अजून पसरलेलं नाही. त्यामुळे अंधार चारी बाजूंनी सपाट, मोकळा आणि प्रचंड आहे. समोरून उंटांची रांग येते. आधी घंटा ऐकू येतात, मग उंटांचा वास येतो आणि उंट सगळ्यात शेवटी दिसतात.

पहाटे भुजियो डोंगर दिसतो, अंगावर किल्ल्याची तटबंदी ल्यालेला. शहराच्या वेशी रात्री बंद असतात, म्हणून दरवाजासमोर आत जाणाऱ्यांची दाटी झालेली आहे. दुधाच्या चरव्या, जळणाच्या मोळ्या, बें बें करणाऱ्या शेळ्या, तंबाखू मळणारे म्हातारे. दरवाजा करकरत उघडतो आणि या सगळ्यांबरोबर तुम्हीही आत ढकलले जाता. एका शेळीचं शिंग तुमच्या मांडीत रुतलंय. असू द्या. वर बघा, प्रागमहालाचा मनोरा उन्हात आलाय. १८७९ साली पुरा झालेला हा महाल अजून नवाकोरा आहे, दगडाच्या कडा धारदार, खालून जाणारे खेडूत मान वर करून त्याच्याकडे बघत ठेचकाळतात. हमीरसर तलावाचं पाणी चैत्रात खाली गेलंय, पायऱ्या उघड्या पडल्यात, त्यांच्यावर बायका घडे घासतायत.

गल्ल्या नीट पायाखाली घाला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानं या कोटाच्या आतलं केवढं तरी जमीनदोस्त केलं. आजचा नकाशा घेऊन इथे चालता येत नाही, आणि इथे पाहिलेली भिंत परत गेल्यावर शोधून सापडेलच असं नाही. म्हणून तर प्रत्यक्ष यायचं.

सोन्यांची आळी आधी कानाला लागते. ठक-ठक-ठक, मग श्वासभर थांबून पुन्हा ठक-ठक-ठक. एका घरातून जाड, सावकाश ठोके, दुसऱ्यातून बारीक आणि भरभर. दोन-चार दारं ओलांडेपर्यंत तुम्हालाही कळायला लागतं: जाड ठोका पत्र्यावरचा, बारीक ठोका नक्षीवरचा.

पहिल्या दुकानापुढे गर्दी आहे, तिथे जरा थांबा. एक मेंढपाळ रबारी जोडपं फरशीवर बैठक मारून बसलंय. तिच्या अंगावर काळी लोकर आणि पायात चांदीची जाड कडी. ती त्यातलं एक उतरवून तराजूत टाकते. इतकं झिजलंय, तेवढं नवं घाल, असं तिचं म्हणणं. सोनी मान हलवतो, ती आवाज चढवते, नवरा मधे बोलू पाहतो तर दोघंही त्याला गप्प करतात. दुसऱ्या पारड्यात वजनं पडतात. या घरच्या चांदीवर या सोनीघराण्याचा संसार चालतो आणि या चांदीवर तिच्या दुष्काळाची बेगमी असते. मडमेचं बकल फार नाजूक दिसतं, पण ते ज्या आळीत जन्मलं तिचा पाया ही जाड कडी आहेत. कच्छी चांदीवर पुष्कळ लिहिलं जातं आणि त्यात चहादाण्याच जास्त असतात. मला ते अपुरं वाटतं. कड्याला वाकवणारा हात आणि हरणाचा कान उठवणारा हात एकाच शिकवणुकीतून आलेत.

आता उमरशींच्या कारखान्यात चला. दार ठेंगणं आहे, डोकं सांभाळा. "आवो, बेसो," असं आतून कुणी तरी म्हणतं आणि काम न थांबवता पायानेच तुमच्याकडे एक चटई सरकवतं. शेठ नाहीत, दरबारात गेलेत. बरंच झालं. शेठ असते तर त्यांनी तुम्हाला पुढच्या खोलीत बसवून तयार माल दाखवला असता.

अंधार वाटेल. खिडकी मुद्दाम लहान ठेवलेली असते. तापलेल्या चांदीचा रंग उन्हात ओळखता येत नाही. सावलीत ती मंद तांबूस झाली की कारागिराला कळतं, बस, आता उचल. डोळे सरावले की उष्म्याचा लोट तोंडावर येतो. भात्यापाशी दहा-अकरा वर्षांचा पोरगा बसलाय, तो भाता दाबतो आणि कोळसे उसासा टाकल्यागत उजळतात. मुशीत गिऱ्हाइकानं दिलेले रुपये वितळतायत. राणीचा चेहरा आधी घामेजतो, मग कडेने ओघळतो, मग नाहीच. टाकणखार जळल्याचा वास, राळेचा वास, घामाचा वास. तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. पाणी मागा, देतील. माठ कोपऱ्यात आहे.

लगड ठोकून पत्रा करणारा माणूस धिप्पाड आहे आणि बोलका आहे. तो ठोकतो, चांदी कडक होते, तो ती पुन्हा तापवून मऊ करतो, पुन्हा ठोकतो. घाई केली तर पत्रा कडेला चिरतो. त्याच्या पायाशी चिरलेल्या पत्र्याचे तुकडे वाटीत जमा केलेत. इथे काहीच फेकत नाहीत. संध्याकाळी खोली झाडली जाईल तेव्हा केरसुद्धा राखून ठेवतील. आपल्याकडे सोनारांच्या राखेतून सोनं धुऊन काढणारे झारेकरी असतात, तसे इथे धूळधोये. ते हा केर विकत नेऊन धुतात आणि त्यातून चांदी काढतात. तुमच्या चपलेच्या तळालाही एव्हाना थोडी लागली असेल.

पत्रा पुढे सरकतो तो रेखाटणाऱ्याकडे. त्याच्यापुढे कागद आहे आणि कागदावर बकलाचा आकार. आकार विलायती, मापासकट साहेबाकडून आलेला. आतली वेल कुणी सांगितलेली नाही. ती त्याच्या हातात आहे, तो ती पत्र्यावर सुईसारख्या टोकाने बघता बघता ओढतो. या वेलीचं मूळ कुठलं यावर साहेबांनी बरीच चर्चा केलीय. जॉर्ज बर्डवुड यांच्या १८८० च्या ग्रंथातही हे उठावाचं काम मूळचं डच असल्याचा समज नोंदलेला आहे. धागा अगदीच हवेतला नाही. अठराव्या शतकात रामसिंह मालम नावाचा कच्छी माणूस हॉलंडात जाऊन घड्याळं, मिनाकाम आणि काचकाम शिकून आला आणि राव लखपतजींसाठी त्यानं इथला आयनामहाल सजवला. महाल इथून हाकेच्या अंतरावर आहे. पण रेखाटणाऱ्याचं बोट बघा. वेल कागदावर नाही, तो ती कुठे बघतही नाहीये. चार पिढ्या ती ज्यांच्या हाताखालून गेली ती त्यांची झाली, असं मी धरून चालतो. पुस्तकं काहीही म्हणोत.

आता खरी जागा. खिडकीखाली, जिथे उजेडाची एकच पट्टी येते, तिथे नक्षीवाला बसलाय. विशी-बाविशीचा असेल. पुढ्यात राळेचा गोळा आहे: राळ, विटांची पूड आणि तेल कालवून केलेला. शेगडीवर धरला की तो कोमट पुरणासारखा होतो, त्यावर पत्रा दाबून बसवायचा आणि थंड होऊ द्यायचा. मग राळ पत्र्याला खालून आधार देते, पण ठोका बसला की तेवढीच दबते. आधी मागच्या बाजूने ठोकून उठाव आणायचा. मग तापवून पत्रा सोडवायचा, पालथा करून पुन्हा राळेत बसवायचा आणि पुढून बारीक काम करायचं. पुन्हा सोडवायचा, पुन्हा बसवायचा. त्याच्या बोटांच्या टोकांवर भाजल्याचे जुने डाग आहेत आणि तो ते कुरवाळतही नाही, लपवतही नाही.

त्याच्या उजव्या हाताशी ठशांचा जुडगा पडलाय. बोटभर लांब लोखंडी कांड्या, प्रत्येकीचं टोक वेगळं: गोल, चपटं, चंद्रकोरी, एक तर तिळाएवढं. विकत घेतलेला एकही नाही. प्रत्येक कारागीर आपले ठसे स्वतः घासून करतो, आणि दुसऱ्याच्या ठशाला हात लावलेला त्याला खपत नाही. तुम्ही सहज हात पुढे नेता तर तो जुडगा अलगद आपल्याकडे ओढून घेतो. रागावला नाहीये तो. रीत आहे.

जवळ सरका, इतके जवळ की हातोडीचा वारा गालाला लागेल. डाव्या हाताच्या चिमटीत ठसा उभा, करंगळी पत्र्यावर टेकलेली. उजव्या हातातली हातोडी डोळ्यांना दिसत नाही, नुसती थरथर दिसते. ठसा ठोक्यागणिक केसभर पुढे सरकतो आणि त्याच्यामागे रेघ उमटत जाते. हरणाचा कान. मान. पोटाखालची लव तीन फटकाऱ्यांत. मग तो ठसा बदलतो आणि वेलीमागची जमीन टिंबांनी भरायला घेतो. या कामाला मोल कुणी देत नाही, पण सगळा उठाव त्या टिंबांवर उभा असतो. जमीन काळपट, खडबडीत झाली की वरची वेल उजळते.

आता खिशात हात घाला. बाहेर काढू नका, नुसतं चाचपा. आकड्याच्या डावीकडे, कुत्र्याच्या शेपटीखाली, जमिनीवरची टिंबं गोल नाहीत. प्रत्येक टिंबाला एकाच बाजूला बारीक खोक आहे. ठशाचं टोक कधी तरी उडालं असेल आणि कारागिराने ते पुन्हा न घासता तसंच वापरलं असेल. असा खंडलेला ठसा जिथे जिथे टेकतो तिथे तीच खोक सोडतो. शिक्का बनावट निघेल, पण ही खोक कोण कशाला बनवेल? दोन वेगवेगळ्या डागांवर ती दिसली तर दोन्ही एकाच जुडग्यातून आले हे छातीठोकपणे म्हणता येतं. चांदीकामाच्या अभ्यासात कारागिराच्या इतकं जवळ नेणारं दुसरं साधन मला माहीत नाही. त्यासाठी भिंग घेऊन एक-एक टिंब तपासावं लागतं, डोळे दुखतात, पण शिक्क्यांची पुस्तकं उलटण्यापेक्षा हे फार मोलाचं आहे.

आणि हा पोरगा आता टिंबं भरायला जो ठसा घेतो, त्याच्या टोकाकडे बघा.

श्वास रोखू नका, त्याच्या लक्षात येईल. टोकाला खोक आहे.

मधेच शेजारचा त्याला हाक मारतो. आकडा डाख देऊन बसवायचाय आणि माप हवंय. ते काम दुसऱ्याचं, फुंकणी तोंडात धरून ज्योत वाकवणाऱ्या म्हाताऱ्याचं. त्याच्यापुढे रिठ्याच्या पाण्याची परात घेऊन बसलेली दोन माणसं तयार डाग धुऊन, घासून ओप देतायत. आणि दाराजवळचा, मिसरूड फुटलेला मुलगा, जो इतका वेळ नुसता गुणगुणत होता, तो एकेक डाग उचलून पालथा करतो, त्यावर शिक्क्याची कांडी धरतो आणि एकच ठोका घालतो. ओ. एम. झालं. पुढचा डाग. तुमचं बकल बघून ज्याचं नाव लोक घेतील ते नाव या मुलाच्या हातून उमटतं.

दुपार झाली. रोटले आले, लसणाची चटणी आली, ताक आलं. हातोड्या थांबल्या आणि कान शिट्टी वाजवल्यागत सुन्न झाले. नक्षीवाला हात धुऊन तुमच्या शेजारी येऊन बसलाय. आता विचारा, डागाची किंमत कशी ठरते. बंद्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणून तराजूत वजन म्हणून रुपयेच टाकतात. डाग जितक्या रुपयांचा भरेल तितकी चांदी, वर घडणावळ. या हिशेबात उठावाला किती, नक्षीला किती, ओपाला किती, हे तो तुम्हाला बोटांवर मोजून सांगेल. ते सगळं ऐकून घ्या. पण आधी नाव विचारा.

तो नाव सांगतो. बापाचं सांगतो, गाव सांगतो, गुरू कोण ते सांगतो. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. वही काढा आणि इथेच, त्याच्यासमोर लिहून घ्या, कारण तुम्ही जिथून आलात तिथल्या एकाही यादीत हे नाव नाही. लिहिताना तो वाकून तुमची अक्षरं बघतो. मराठी बाळबोध त्याला अर्धवट लागते, एका अक्षरावर बोट ठेवून तो ते सुधारून घेतो. मग तुमचं नाव विचारतो, गाव विचारतो. मुंबई म्हटल्यावर त्याचे डोळे मोठे होतात. ताकाचा पेला खाली ठेवून तो अगदी जवळ सरकतो, कारण त्याला सकाळपासून हेच विचारायचं होतं आणि शेठपुढे विचारता आलं नसतं. मुंबईत चांदीचा भाव काय चाललाय? आणि तिथे नक्षीवाल्याला दिवसाला किती देतात?